आज कोणती डबी

आंधळगावात आमच्या घरमालकांची एक गोष्ट अजून सांगतात. राइस मिलच्या मालकाने गोदामाच्या फरशीवर एक खेळ मांडला होता, त्या खेळात तलावात मासे धरणारा डोमाजी मालगुजार झाला, आणि ते सहन न होऊन मालकाने त्याच डोमाजीला गुडघ्यांवर बसवून सगळा पट पुसायला लावला, अशी ती गोष्ट. शेवटी माझाही उल्लेख येतो, तो चांगल्या अर्थाने. डोमाजीला वर नेलं ते सरांनी, असं म्हणतात.

डोमाजी गुडघ्यांवर होता हे खरं. मालक उभे होते हेही खरं. मी दारात होतो. बाकीचं सगळं चूक आहे आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आता माझी ऐंशी उलटून गेली, म्हणून लिहून ठेवतो आहे. पण नुसता खुलासा लिहिला तर मालक त्यात सापडायचे नाहीत. आधी माणूस सांगतो.

मी वर्धेकडचा, कापसाच्या मुलखातला. सत्तरचं दशक निम्मं सरलं असताना आंधळगावच्या शाळेत गणित शिकवायला आलो. खोली शोधत फिरताना कोणीतरी मिलवाल्या मालकांकडे पाठवलं. त्यांचं जुनं कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर तलावाच्या बाजूला रिकामं पडलेलं होतं. मालकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बंडीच्या खिशातून किल्ली काढली आणि समोरची खोली उघडून दिली. खोलीच्या मागच्या भिंतीत एक दार होतं आणि त्याला कुलूप होतं. त्या दाराचं काय, असं मी विचारलं.

"उघडीन ना जी," ते म्हणाले. "आज आले. आजच सारं पाहून घ्यान, तं उद्या काय पाहान?"

मला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. त्या एका खोलीत मी स्टोव्हवर भात शिजवत होतो आणि शेजारच्या विहिरीवरून पाणी आणत होतो. दसऱ्याच्या सुमाराला मालक आले, मागचं दार उघडलं आणि मला छपरी, म्हणजे मागची पडवी, दाखवली. मी खूश झालो, हे कबूल करतो. दिवाळीनंतर अंगण मिळालं, त्यात सीताफळाचं झाड होतं. थंडीत विहीर मिळाली. ती इतके दिवस माझ्यापासून वीस पावलांवर होती आणि मी शेजाऱ्यांच्या बादल्या ओढत होतो. मालकीणबाईंना माझी दया आली असावी. एकदा मालक मोहाडीच्या बाजाराला गेलेले पाहून त्यांनी शेवटच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "ह्याईचं काही आयकू नका. मी लग्न होऊन आली तं मले सैपाकखोली दाखवाले ह्याईनं महिना लावला. तवपर्यंत सासूच रांधे अन् मी पाहुण्यावानी बसून राहो."

संध्याकाळी मालक आले, त्यांनी माझ्या हातात ती किल्ली पाहिली आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मी ती लगेच परत दिली. होळीला त्यांनी स्वतः ती खोली उघडली. खिडकी उघडली तर समोर सगळा तलाव, पाळीवरची मोहाची झाडं, पाण्यावर बगळे. मालक पाण्याकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. तलाव मी रोज शाळेला जाताना पाहत होतो. पण त्या खिडकीतून पाहिला तेव्हा तो मला मिळाल्यासारखा वाटला, हे खरं आहे.

त्यांच्या घरी जेवतानाही तेच. आधी नुसता भात, मग त्यावर लाखोळीचं वरण, मग भाजी आणि मासोळीचा रस्सा अगदी शेवटी, पोट भरत आल्यावर. पाहुण्यांनाही त्याच क्रमाने वाढायचे. पाहुण्याने रस्सा आधी मागितला तर ऐकू न आल्यासारखं करायचे. त्यांचे एक साडू या कारणाने त्यांच्याकडे जेवायला येईनासे झाले होते.

आता खेळ.

थंडी संपता संपता मिलमधलं धान संपायचं आणि लांबलचक गोदाम रिकामं व्हायचं. त्या काळात आमच्या भागात धानाचं एकच पीक, त्यामुळे उन्हाळा सगळा मोकळा. मालक गेरू आणि चुना कालवून फरशीवर पट काढायचे. दाराजवळ फरशीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक रुंद पट्टा, त्याचं नाव चिखल. त्याच्या वर बांध्यांची घरं. बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत. त्याच्या वर बोड्या, म्हणजे लहान तळी. आणि पार शेवटी, मागच्या भिंतीपाशी, मशीनच्या शेजारी, मोठा तलाव काढलेलं एकच घर. ती मालगुजारी, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदाराची जागा. सोंगट्या नव्हत्या. माणसंच आपापल्या घरात बारदाना टाकून बसायची.

खेळ समजायला सोपा होता. सगळ्यांची सुरुवात चिखलातून. चिखलातल्यांनी ओळीने कवड्या टाकायच्या, जेवढ्या उताण्या पडतील तेवढे चिंचोके मधे जमा व्हायचे आणि ओळीत वाटले जायचे. आपल्या वाट्याच्या चिंचोक्यांनी डबी भरली की बारदाना उचलून वरच्या घरात जायचं. पण वर गेलेल्याला स्वतः कवडी टाकता येत नसे. त्याने चिखलाकडे तोंड करून हाक द्यायची, "माझ्या बांधीत या जी," आणि चिखलातल्यांनी त्याच्यासाठी कवड्या टाकायच्या. अर्धे चिंचोके त्याचे, अर्धे टाकणाऱ्यांचे. गोदामात शिरल्यावर सगळ्यांनी सगळ्यांना जी म्हणायचं, हाही नियम. एका उन्हाळ्यात कोणी जिथवर पोचेल तिथूनच पुढच्या उन्हाळ्यात त्याने सुरू करायचं. कोण कुठे होतं ते मालकांना तोंडपाठ असे आणि त्यावर कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही.

सगळी मेख डबीत होती. मालकांकडे डब्या नाना प्रकारच्या होत्या: तपकिरीची चिमुकली डबी, चुन्याची, पावडरची, चहाची. यातली कोणती आज माप म्हणून ठेवायची ते तेच ठरवत. दुपारी उन्हातून माणसं आत यायची, डोक्याचा शेला सोडायची आणि बसण्याआधी विचारायची, "आज कोणती डबी?" मोठी निघाली तर ओळीत कण्हणं, लहान निघाली तर बायकांचं हसणं. शिव्या मालक आनंदाने खात.

डबी कशी ठरते ते मी त्यांना विचारलं होतं. डबी ठेवून झाली की ते बारदान्याच्या थप्पीवर आडवे व्हायचे आणि डोळे मिटायचे. सगळ्यांना वाटे झोपले. ते ऐकत असत.

"चिखलातलं बोलणं बंद झालं का समजाचं डबी मोठी झाली," ते मला म्हणाले. "अन् नुसतं खेळाचंच बोलून राहिले, तं समजाचं लहान झाली."

याहून अधिक शास्त्र त्यांच्यापाशी नव्हतं आणि तेही दरवेळी चालत नसे. एका उन्हाळ्यात लोक सोकावलेत असं त्यांच्या डोक्यात बसलं आणि त्यांनी तुपाचा डबा काढला. मालकीणबाईंपासून सगळ्यांनी सांगून पाहिलं. हट्ट सोडला नाही. लोक यायचे थांबले. काही दिवस ते एकटेच गोदामात बसून राहिले आणि मग डोक्यावर ओला पंचा टाकून भर दुपारी घरोघर निघाले. शेवंताबाईच्या दारात उभे राहून त्यांनी बंडीच्या खिशातून चहाची डबी काढून दाखवली. शेवंताबाई मिलच्या अंगणात धान वाळवायच्या कामावर असे आणि मालकांना ती एकटीच तोंडावर बोलत असे. ती म्हणाली, "चहाची नाई चालत. चुन्याची काढा, तं येतो." चुन्याची काढली. ती आली, म्हणून ओळ आली.

लखूसेठ किराणावाल्यांना मात्र चिखल कधीच मानवला नाही. दुकानात बसून वर चढलेला माणूस, त्याला परत खाली बसायला लावलेलं. त्यांनी एकदा मालकांना बाजूला घेतलं आणि एक गाभण शेळी देतो, मला सरळ बोडीत बसवा, असं सुचवलं. मालकांनी खूप विचार केल्यासारखं केलं.

"शेळी खरी हाय, बोडी खोटी हाय," ते म्हणाले. "तुमचा तोटा होईन, सेठजी."

सेठजी रुसून गेले आणि दुसऱ्या दिवशी चिखलात येऊन बसले. त्यांच्या दोन्ही बाजूंनी ओळ शेळीसारखी ओरडायची. ते महिनाभर चाललं.

माझी नात पुण्यात संगणकावरचे खेळ तयार करणाऱ्या एका कंपनीत आहे. जगभरची माणसं एकाच वेळी त्या खेळात असतात, आपापली पात्रं घेऊन लढतात, पायऱ्या चढतात. तिने मला सांगितलं की त्यांच्या बैठकांमध्ये तास न् तास एकच वाद असतो: एका पायरीवर माणसाला तेच ते काम किती वेळ करायला लावायचं. कमी पडलं तर लोक आठवड्यात सगळं जिंकून निघून जातात, जास्त झालं तर कंटाळून जातात. मी तिला डब्यांची गोष्ट सांगितली. तिने ती हसून ऐकली आणि मग एकदम गंभीर होऊन विचारलं, "पण ते झोपल्याचं सोंग करून ऐकायचे, ते तुम्हाला तेव्हा का नाही पटलं?" तिला पुढचंही मी सांगितलं होतं, म्हणून तिने हे विचारलं.

पुढचं असं. माझा तिथला चौथा उन्हाळा असेल. डोमाजी बोडीत पोचला होता. त्याच्या वर फक्त मालगुजारी. काळा, सडपातळ, पन्नाशीचा माणूस; बोलताना हातांनी सतत जाळं विणत असल्यासारखा. खेळात वर जाणं त्याच्यासाठी इतरांपेक्षा वेगळं होतं. त्याच्या बापाला गावच्या तलावात जाळं टाकायला मालगुजाराच्या ओसरीखाली उभं राहून विचारावं लागत असे. पुढे मालगुजारी गेली, तलाव सरकारी झाले, पण ते उभं राहणं डोमाजीने लहानपणी पाहिलं होतं. "मालगुजार होतो, का आधी तलावातच जातो, काय मालूम," असं तो हसत म्हणायचा. मी ते हसण्यावारी नेलं नाही. मी हिशेब मांडला. मालकांच्या डब्यांच्या गतीने त्याला अजून एक उन्हाळा लागणार होता, कदाचित दोन. मला तो सरळ अन्याय वाटला. एका गरीब माणसाला फरशीवरच्या खोट्या चिखलात इतकं कशाला रखडवायचं?

आमच्याकडे कापसात चिखल नाही. चिखल म्हणजे पाय रुतणं, काम अडणं एवढंच मला ठाऊक. धानाच्या मुलखात चिखलात रोवणा होतो. ओळीत वाकलेल्या बायका रोपं लावतात आणि गावातल्या साऱ्या बातम्या, साऱ्या चेष्टा, सोयरिकी तिथेच होतात. शाळेच्या सुट्टीत मी ते धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, पाहिलं होतं. ऐकलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मालकांना मोतीबिंदू काढायला नागपूरला जावं लागलं. तीन आठवड्यांसाठी डब्या माझ्याकडे आल्या. "तुमाले हिशेब येते," एवढंच ते म्हणाले. एस.टी.त बसल्यावर खिडकीतून काहीतरी सांगत होते, ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी मान हलवली.

मी तपकिरीची डबी काढली.

पहिले चार दिवस गोदामात जत्रा होती. रोज माणसं वर सरकत होती, टाळ्या वाजत होत्या. डोमाजी मालगुजारीत गेला त्या दिवशी कोणीतरी मोहफुलांची माळ करून त्याच्या गळ्यात घातली. तो भिंतीला टेकून बसला. सतत विणणारे त्याचे हात स्थिर होते. मला आयुष्यात फार थोड्या वेळा इतकं बरं वाटलं आहे. मी लहान डबी तशीच ठेवली. लखूसेठ बोडीत गेले. शेवंताबाई बोडीत गेली. आठवडा सरेपर्यंत चिखल रिकामा झाला.

मग वरून हाका सुरू झाल्या. माझ्या बांधीत या जी. माझ्या बोडीत या जी. यायला खाली कोणी नव्हतं. मी नियम बदलून पाहिला, वरच्यांनाही कवड्या टाकू दिल्या. प्रत्येक जण आपापल्या घरात आपापल्या कवड्या टाकत बसला. दोन घरांमध्ये इतकं अंतर होतं की बोलायचं तर ओरडावं लागे. मालगुजारीचं घर दारापासून सर्वांत लांब, तिथे वारा पोचत नसे. चिखल दाराशी का, याचा मी तोवर कधी विचारच केला नव्हता.

"सर, सारेच सेठ झाले," शेवंताबाई उठताना म्हणाली. "आता रोवाचं कोणं?" दुसऱ्या दिवशी ती आली नाही. हळूहळू कोणीच येईना. डोमाजी तेवढा यायचा, मागे जाऊन आपल्या घरात बसायचा आणि संध्याकाळी जायचा.

मालक परतले ते डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती. ते गोदामात आले तेव्हा मी दारातच उभा होतो. त्यांनी एका डोळ्याने पट पाहिला, रिकामा चिखल पाहिला, खिडकीत ठेवलेली तपकिरीची डबी पाहिली. माझ्याकडे पाहिलं नाही. ते सरळ डोमाजीपाशी गेले.

"कसं वाटते जी वरतं?"

"गरम होते," डोमाजी म्हणाला. मग बारदाना गुंडाळत, "मालक, मले खालतं घ्या. आवाज देतो, तं खालतं कोणी नाई."

"एकट्याले कसा घेऊ? लोकं मन्तीन, मालकानं उतरवलं."

"तं साराच पुसा. सारे पयल्यापासून बसू. मी इथं बसलो होतो, हे मले मालूम हाय. तेवढं बस झालं."

"मले वाकाची मनाई हाय जी."

"मी हावो ना," डोमाजी म्हणाला.

त्याने पोतं ओलं केलं आणि मालगुजारीपासून सुरुवात केली. मालक त्याच्या शेजारी उभे राहून कुठे गेरू राहिला ते एका डोळ्याने दाखवत होते. दोघे मधूनमधून हसत होते. पण तो बाजाराचा दिवस होता. गोदामाचं दार रस्त्याकडे होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसलं ते एवढंच: मिलचा मालक उभा, बोट दाखवतो आहे, आणि डोमाजी गुडघ्यांवर बसून आपली मालगुजारी पुसतो आहे. हसणं रस्त्यापर्यंत पोचत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गोष्ट तयार झाली होती. डोमाजी विचारणाऱ्याला सांगत होता की मी माझ्या मनाने पुसलं. लोक म्हणाले, बिचारा, मिलवाल्याला भिऊन बोलतो. मालकांना कोणी विचारलंच नाही. ज्याचं बोलणं लोकांनी मानलं असतं असा एकच माणूस तिथे होता. बाहेरगावचा, शिकलेला, कोणाच्या बाजूचा नसलेला. मला चहाच्या टपरीवर बोलावून बसवलं गेलं. सर, तुम्ही गरिबाला वर नेलं, मालकानं खाली ओढलं, असं एक जण म्हणाला. मी काहीच म्हणालो नाही. चहा प्यालो.

त्या वर्षी काही घरांनी आपलं धान मोहाडीच्या मिलवर न्यायला सुरुवात केली. लखूसेठनी मालकांना विचारलं, तुम्ही खुलासा का करत नाही? मालक म्हणाले की मिल आहे, धान कुठे ना कुठे कांडलं जाईलच. माझ्याशी ते यावर कधी एक शब्दही बोलले नाहीत. घराची एखादी खोली परत बंद करतील असं मला काही दिवस वाटत होतं. उलट त्यांनी माळ्याची शिडी आणून दिली. माळा आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी नवा पट काढला आणि मला म्हणाले, "सर, यंदा तुमी बसा." मी आजवर खेळ पाहिला होता, चालवला होता, खेळलो कधीच नव्हतो. चिखलात शेवंताबाई आणि डोमाजी यांच्या मधे मला जागा झाली. माझ्या कवड्या नेहमी पालथ्या पडायच्या आणि ओळीचं नुकसान व्हायचं. "सर गणित मस्त शिकवते, पण कवडीले शिकवता येत नाई," असं शेवंताबाई सगळ्या ओळीला ऐकवायची. डोमाजीने मला पाण्याच्या रंगावरून मासा कुठे आहे ते ओळखायला सांगितलं. अजून मला येत नाही. कोणाची मुलगी मध्य प्रदेशच्या हद्दीवरच्या बपेऱ्याला दिली, तिकडच्या बोलीत ती कशी बोलायला लागली, कोणाचा बैल कसा रुसला, हे सगळं मला त्या पट्ट्यावर कळलं. दाराने वारा यायचा. डबी मोठी होती की लहान, हे कितीतरी दिवस मी पाहिलंच नाही. त्या उन्हाळ्यात मी एकही घर वर गेलो नाही आणि इतक्या सुखाने मी त्याआधी कुठे बसलो नव्हतो. माझ्या शेजारी बसलेला माणूस मी न बोलल्यामुळे बिचारा ठरला होता, हे मला रोज आठवायचं. रोज वाटायचं, आज बोलू. त्या सुखातच तो दिवस जायचा.

पुढे कालव्याचं पाणी आलं, उन्हाळी धान होऊ लागलं, गोदाम बाराही महिने भरलेलं राहू लागलं आणि खेळ आपोआप थांबला. मालक ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला गेले, जेवून उठल्यावर, रस्सा खाऊन झाल्यावर. डोमाजी त्यांच्या आधी एक वर्ष. डोमाजी मालगुजारीत पुन्हा पोचला होता, शेवटच्या उन्हाळ्यात, चहाच्या डबीने. त्या वेळी खाली चिखलात आम्ही सगळे होतो आणि त्याने हाक दिली तेव्हा गोदाम दणाणलं. हे गोष्ट सांगणाऱ्यांना माहीत नसतं.

मधली वर्षं मी नागपूरला काढली. लोक मला कार्यक्रमांना बोलवत, ती गोष्ट सांगत आणि मी मान खाली घालत असे. त्याला ते विनय समजत.

गेल्या वर्षी आंधळगावच्या शाळेने जुन्या शिक्षकांचा सत्कार ठेवला. माझा एक विद्यार्थी, आता मोहाडीत व्यापार करतो, माझ्याबद्दल बोलायला उभा राहिला आणि त्याने तीच गोष्ट घेतली: मिलवाला, डोमाजी, गुडघे. पुढच्या रांगेत डोमाजीची मुलगी बसली होती. ती पदराशी चाळा करत खाली पाहत होती. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी उठलो. शाल खांद्यावरून घसरली, ती उचलली नाही. तपकिरीची डबी मी काढली, खेळ माझ्यामुळे मोडला, डोमाजीने स्वतः मागून पट पुसला, मालक शेजारी नुसते उभे होते ते वाकता येत नव्हतं म्हणून, आणि हे माहीत असून मी गप्प राहिलो, असं सगळं एका दमात सांगितलं. डोमाजीची मुलगी मान वर करून माझ्याकडे पाहत होती.

मग बाजूच्या खुर्चीवरून एक म्हातारा आवाज आला. शेवंताबाई. वाकून तिचं डोकं गुडघ्यांशी आलं होतं, मी तिला ओळखलंही नव्हतं.

"आमाले मालूम हाय जी," ती म्हणाली. "चिखलातल्या साऱ्याईले मालूम होतं."

"मग मला कोणी विचारलं काहून नाही?" माझ्या तोंडून तिचीच भाषा आली.

"निंगालो होतो ना इचाराले. डोमाजी तं तुमच्या दारापर्यंत येऊन गेला. मालकानं त्याले वापस आणलं. मालक मने, सर सांगतीन. त्याईचा चिखल चालू हाय, डबी भरू द्या."

मी खाली बसलो. डोमाजीच्या मुलीने पुढे होऊन माझी शाल उचलली आणि मांडीवर ठेवली. शेवंताबाईचं बोलणं मात्र संपलं नव्हतं. ती शेजारणीकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली,

"पण बाई, एवढी मोठी डबी तं मालकानं कोणालेच देली नवती."